बंदरावरचं बिऱ्हाड

घर बदलायचं ठरलं की आपण कागद-पेन्सिल घेऊन बसतो. भाडं किती, अनामत किती, टेम्पोवाला काय घेईल, मुलांची शाळा, गॅसची जोडणी, पहिल्या महिन्याचा किराणा. बेरीज करतो, पगाराशी ताडून बघतो आणि मग ठरवतो. हा हिशेब आपल्याला आजच्या शहरी माणसाचा वाटतो. पण आमच्या माणदेशात, म्हसवड आणि आसपासच्या गावांत, तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ होत आला आहे. कागदावर नव्हे, तोंडी, ओसरीवर बसून. आणि ज्या गावाला जायचं ते गाव ठरलेलं असे : मुंबई. कुणी गिरणीत जाई, कुणी बंदरावर. आज मला बोलायचं आहे ते बंदरावर गेलेल्यांबद्दल.

आमच्याकडे एक शब्द फार नेमका वापरला जातो, बिऱ्हाड. ‘गडी मुंबईला गेला’ हे एक वाक्य आणि ‘त्यानं मुंबईला बिऱ्हाड केलं’ हे अगदी वेगळं वाक्य. पहिल्यात माणूस जातो, दुसऱ्यात घर जातं. या दोन वाक्यांमध्ये कधी दहा वर्षांचं अंतर असे, कधी आख्ख्या आयुष्याचं. कित्येकांच्या बाबतीत दुसरं वाक्य उच्चारायची वेळच आली नाही. हे अंतर का पडलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा मला इतिहासाचा प्रश्न वाटतो. कारण या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या इतिहासात जितकं आहे तितकंच म्हसवडच्या इतिहासातही आहे.

आधी निघण्याचं कारण पाहू. माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणगंगेचं पात्र वर्षाचा बराच काळ कोरडं असतं. बाजरी, ज्वारी, मेंढरं आणि घोंगडी यांवर इथला संसार चाले. पाऊस एक वर्ष चुकला तर घरातलं धान्य ओढून-ताणून पुरे; लागोपाठ दोन वर्षं चुकला की बैल विकावे लागत. १८७६ ते १८७८चा दुष्काळ दख्खनच्या लोकांच्या स्मरणात कायमचा राहिला. म्हसवडजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव हे ब्रिटिश काळातल्या दुष्काळी कामाचंच अपत्य. लोकांनी खडी फोडली, माती वाहिली, बांध उभा राहिला. पण बांध एका जागी असतो आणि कोरडी शिवारं चारी दिशांना असतात. त्यामुळे बाहेर जाणं थांबलं नाही. शेजारच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पुढे सोन्या-चांदीच्या गलाई कामासाठी देशभर पसरली. आमच्याकडच्या अनेकांनी मुंबई धरली.

त्याच सुमारास मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर काय चाललं होतं? १८६९मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपची बाजारपेठ मुंबईच्या जवळ आली. १८७३मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५मध्ये कुलाब्याला ससून डॉक झाला, १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक आला आणि १९१४मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज आपण इंदिरा डॉक म्हणतो. अलेक्झांड्रा डॉकसाठी खणलेली माती वापरून बॅलार्ड इस्टेटची जमीन तयार झाली. जहाजं थेट धक्क्याला लागू लागली. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, लोखंड, लाकूड. हा सगळा माल जहाजातून गोदामात आणि गोदामातून जहाजात न्यायला यंत्रं थोडी आणि माणसांची डोकी फार लागत. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. हे शब्द आमच्या भागाला नवे नव्हते. ओझंही नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की त्याचे रोख पैसे मिळत.

१८८० या वर्षाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. ज्या वर्षी प्रिन्सेस डॉक सुरू झाला, त्याच वर्षी भारतातल्या टपाल खात्यानं मनीऑर्डरची सेवा सुरू केली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. पण माणदेशातल्या घरासाठी या दोन गोष्टी एकमेकींना जोडून आल्या. गोदीनं माणूस ओढून नेला आणि मनीऑर्डरीनं त्याची कमाई गावी परत आणायची सोय केली. घर न हलवता घराचं पोट शहरावर चालवता येईल, हे पहिल्यांदा शक्य झालं. माझ्या मते बिऱ्हाड मागे राहण्याची सुरुवात इथे आहे.

आता जाण्याचा हिशेब. कोकणातला माणूस बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरे; म्हणजे तो बंदरातूनच मुंबईत शिरे. घाटावरच्या माणसाला आधी रेल्वे गाठावी लागे. पुणे-मिरज मार्ग १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, तेव्हा कोरेगाव, रहिमतपूर ही आमच्या बाजूची स्टेशनं झाली. म्हसवडहून तिथवर पायी किंवा बैलगाडीनं जायचं. ती गाडी मीटरगेजची; पुण्याला उतरून मुंबईची मोठी गाडी धरायची. १९०६मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपूरपर्यंत आली आणि कुर्डुवाडीकडून जाण्याची दुसरी वाट झाली. या प्रवासाचा खर्च काय? तिकीट, वाटेतला फराळ आणि मुंबईत पहिली मजुरी हातात पडेपर्यंतचं जेवण. रक्कम आज ऐकायला किरकोळ वाटेल, पण दुष्काळात सापडलेल्या घरात तीही नसे. ती सावकाराकडून काढायची किंवा एखादं जनावर विकायचं. म्हणजे मुंबईत पाऊल ठेवण्याआधीच अंदाजपत्रकात कर्जाची एक ओळ लिहिली जाई.

सामान काय? एक वळकटी, एक घोंगडी, फडक्यात भाकरी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पत्ता. मस्जिद बंदर, डोंगरी, माझगाव, रे रोड, शिवडी या पट्ट्यात कुठल्या तरी चाळीत आपल्या गावचा गाळा असे. एका खोलीत एका गावचे किंवा एका भावकीचे दहा-पंधरा पुरुष राहत. प्रत्येकाची भिंतीला लावलेली पत्र्याची पेटी आणि दोरीवर टाकलेली वळकटी, एवढीच त्याची हक्काची जागा. रात्रपाळीचे दिवसा झोपत, दिवसपाळीचे रात्री. भाडं वाटून घेतलं जाई. नव्या माणसाकडून पहिल्या महिन्यात कुणी काही मागत नसे. तो कामाला लागला की आपला वाटा देऊ लागे. जेवण खानावळीत. अशा खानावळी बहुतेक बायका चालवत. नवरा आजारी पडलेल्या, काम गेलेल्या किंवा वारलेल्या घरच्या त्या बायका. पुढे १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते पुष्कळांना आठवत असेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा माणूस बायको-मुलांना का आणत नव्हता? ‘गावाची ओढ’, ‘जुन्या वळणाची माणसं’ अशी उत्तरं आपण सहज देऊन टाकतो. ओढ होतीच. पण मला आकडे अधिक बोलके वाटतात, आणि सुदैवानं ते उपलब्ध आहेत. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं १९२१-२२मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे त्या कार्यालयाचे प्रमुख होते आणि त्यांचा अहवाल १९२३मध्ये निघाला. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे आणि सहाशेवर एकट्या पुरुषांचे जमाखर्च त्यात तपासले होते.

त्यातलं सरासरी कुटुंब महिन्याला ५२ रुपयांच्या आसपास मिळवत होतं. घरात कमावणारे सगळे मिळून. या रुपयांची वाटणी कशी होती? १०० रुपयांतले सुमारे ५७ रुपये अन्नावर, साडेसात रुपये जळण आणि दिवाबत्तीवर, साडेनऊ रुपये कपड्यांवर, पावणेआठ रुपये भाड्यावर आणि उरलेले साडेअठरा बाकी सगळ्यावर. त्यात औषधपाणी, प्रवास, लग्नकार्य, विडी-तंबाखू आणि कर्जाचं व्याज आलं. ५२ रुपयांना हे लावून बघा. अन्नाला ३० रुपये, भाड्याला ४, कपड्याला ५, जळणाला ४च्या आत आणि बाकी सगळ्याला साडेनऊ.

भाड्याचा आकडा बघून वाटेल, मुंबईत घर स्वस्त होतं की! पण ४ रुपयांत काय मिळत होतं? एक खोली. अशा १०० कुटुंबांपैकी ९७ कुटुंबं एकाच खोलीत राहत होती, आणि तीही पुष्कळदा दुसऱ्या कुटुंबाबरोबर. अन्नाला निम्म्याहून अधिक पैसे जात असूनही पोट किती भरत होतं? अहवालानं एक तुलना करून ठेवली आहे, ती विसरता येत नाही. या कामगारांच्या वाट्याला येणारं धान्य दुष्काळी कायद्यात मजुराला द्यायला सांगितलेल्या कमाल शिध्याइतकं होतं आणि मुंबई इलाख्यातल्या तुरुंगात कैद्याला मिळणाऱ्या आहारापेक्षा कमी होतं. म्हणजे दुष्काळापासून पळून माणूस तीनशे किलोमीटरवर आला आणि ताटात पुन्हा दुष्काळी कामावरचाच शिधा वाढला गेला. शिवाय १०० पैकी ४७ कुटुंबं कर्जात होती. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे दरसाल ७५ टक्के!

ही सरासरी होती. आणि तीत नेहमीचं काम असलेले गिरणी कामगार बरेच होते. गोदीतल्या हमालाचं काय? त्याला महिन्याचा पगारच नव्हता. जहाज लागलं तर काम, नाही तर नाही. सकाळी धक्क्याच्या दाराशी गर्दीत उभं राहायचं, टोळीचा मुकादम बोट दाखवील त्यानं आत जायचं. आपली मर्जी राखणाऱ्याला मुकादम आधी उचले आणि त्याच्या मजुरीतला काही भाग स्वतःकडे ठेवी. कापसाच्या हंगामात अंग मोडेस्तोवर काम, पावसाळ्यात मंदी. अशा कमाईवर भाडं मात्र दरमहा द्यायचं. एकटा माणूस मंदीत गाळ्यातल्या भावकीच्या आधारानं आठ दिवस काढू शकतो, नाही तर सरळ गावी जाऊन बाजरी पेरतो. बायको आणि तीन मुलं घेऊन तसं करता येत नाही. बिऱ्हाड न करण्याचा निर्णय हा मागासलेपणाचा नव्हता. तो अतिशय चोख हिशेब होता.

त्या हिशेबात अजून एक ओळ होती, धोक्याची. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासियो व्हिएगस यांना सापडला तो मांडवीत, गोदीच्या अगदी शेजारी. धान्याची गोदामं, उंदीर आणि दाटीवाटीच्या चाळी एकाच जागी होत्या. लाखो लोकांनी शहर सोडलं. ज्यांचं गाव शाबूत होतं त्यांना जायला जागा होती. या प्लेगच्या धक्क्यातूनच १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या चाळी झाल्या. १९२०च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यातल्या शिवडीच्या चाळी तर पोर्ट ट्रस्टच्याच जमिनीवर आहेत. खोली साधारण १६० चौरस फुटांची.

दुसरा प्रसंग १४ एप्रिल १९४४चा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजावर शेकडो टन स्फोटकं होती. दुपारी आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले, गोदीतली आणि भोवतालची शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. धान्याची गोदामं दिवसच्या दिवस जळत राहिली. बंदराशेजारी घर करणं म्हणजे बंदराच्या नशिबाशी घर बांधणं, हे त्या दिवशी मुंबईनं पाहिलं. १४ एप्रिलला आजही अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

इथपर्यंत आपण शहराच्या बाजूनं पाहिलं. आता गाडी परत म्हसवडला आणू. कारण हिशेबाचं दुसरं पान इथे आहे.

गड्याला मुंबईत एका माणसापुरती मजुरी मिळत होती. मग बाकीचं घर कशावर चाललं? मनीऑर्डर येई, पण ती देणी, पट्टी आणि मीठ-मिरची यांत विरघळून जाई. उरलेलं घर चाललं ते मागे राहिलेल्या बाईच्या कष्टावर. तिनं शेत पेरलं, जनावरं सांभाळली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, मुलं वाढवली. दुष्काळी कामावर खडी तिनंच फोडली. पोस्टमन आला की त्याच्याकडूनच पत्र वाचून घ्यायचं, त्याच्याकडूनच उत्तर लिहून घ्यायचं. म्हणजे नवऱ्याला सांगायच्या चार गोष्टींतल्या दोन मनातच ठेवायच्या. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा मुंबईकर गावी येत. कित्येक घरांत वर्षाचा संसार त्या आठ-पंधरा दिवसांचा असे.

मुंबईत आजारी पडलेला, अंगातलं बळ संपलेला माणूस परत येई तो याच घरी. म्हणजे बघा : मुलाला वाढवून, अंगात ताकद आणून, विसाव्या वर्षी त्याला बंदराच्या हवाली करायचं आणि पन्नाशीत वाकलेला परत घ्यायचा. त्याचं बालपण गावानं पोसलं, म्हातारपणही गावानं पोसलं. मधली तीस वर्षं बंदरानं वापरली आणि मजुरी दिली ती फक्त त्या तीस वर्षांतल्या कामाच्या दिवसांची. पाळणाघर, दवाखाना आणि पेन्शन या तिन्हींचा खर्च माणदेशातल्या चुलीवर पडला. मुंबईचं बंदर स्वस्तात चाललं त्याचं एक कारण हे आहे. घर दोन चुलींवर विभागलं गेलं आणि एका चुलीचा हिशेब कुठेच लिहिला गेला नाही.

हे चित्र बदललं कधी? कमाईला नियमितपणा आला तेव्हा. १९४८मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१मध्ये मुंबईसाठी योजना आली. कामगारांची नोंदणी झाली, काम आळीपाळीनं मिळू लागलं, काम नसलेल्या दिवसाचाही विचार होऊ लागला. गोदीच्या बाहेर, बाजारांत आणि वखारींत ओझी वाहणाऱ्यांना मात्र आणखी थांबावं लागलं. त्यांना संघटित केलं अण्णासाहेब पाटील यांनी. ते सातारा जिल्ह्यातल्याच पाटण तालुक्यातले. त्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. मजुरी मंडळाकडे जमा होऊ लागली. तिच्यावर मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्टी, औषधपाणी यांची सोय झाली. ‘घाटी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाच्या नावाचं कार्ड तयार झालं.

माझ्या दृष्टीनं या कायद्यांचा सर्वांत मोठा परिणाम घरात दिसला. पुढच्या महिन्यात किती पैसे येतील हे सांगता येऊ लागलं आणि म्हणून बिऱ्हाड करता येऊ लागलं. त्यातच १९७२चा दुष्काळ आला. पुष्कळ घरांनी गावची चूल विझवली नाही, पण लहान केली आणि मुंबईत दुसरी पेटवली. तोवर एसटी गावोगाव पोचली होती, जाणं-येणं सोपं झालं होतं.

खोली मिळवणं मात्र सोपं नव्हतं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठवली. त्यामुळे भाडं नाममात्र आणि खोलीत शिरायला पागडी भरमसाट, असा उलटा प्रकार झाला. महिन्याच्या खर्चात जागा स्वस्त दिसे, पण दारातून आत जायला आयुष्याची बचत लागे. कुणी बायकोचं डोरलं मोडलं, कुणी गावचं रान गहाण टाकलं. पुन्हा किंमत गावच्या चुलीनंच दिली. ज्यांना पागडी झेपली नाही ते झोपडपट्टीत गेले किंवा गाळ्यातच राहिले.

आणि मग, बिऱ्हाड स्थिरावतंय तोच बंदरच हललं. मालाच्या पोत्यांची जागा कंटेनरनं घेतली. जो माल उतरवायला टोळ्या लागत, तो एक क्रेन पेटीसकट उचलू लागली. १९८९मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. १९८०च्या दशकापासून कांदा-बटाटा, धान्य, मसाले, भाजीपाला असे घाऊक बाजार एकामागून एक वाशीला गेले. त्यांच्या मागोमाग माथाडी कुटुंबंही कोपरखैरणे, घणसोलीकडे गेली. १९९४मध्ये गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. २०२१च्या नव्या कायद्यानं पोर्ट ट्रस्टचंही प्राधिकरण झालं. ज्या पूर्व किनाऱ्यावर राहणं ही एके काळी नाइलाजाची गोष्ट होती, तिथे समुद्रदर्शनी विकासाच्या योजना आखल्या जात आहेत. उद्या कुणी तिथे मोठा फ्लॅट घेईल. त्याच्या अंदाजपत्रकात खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याची किंमत असेल. त्याच पाण्याकडे पाठ करून तीन पिढ्यांनी पोती वाहिली.

या कथेचा पुढचा भाग मुंबईत नाही, म्हसवडमध्ये घडला आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर १९८०च्या दशकात म्हसवडला राहायला आल्या. म्हणजे सगळी वाहतूक ज्या दिशेनं चालली होती तिच्या नेमकी उलट दिशेनं. तिथे लोहारकाम करणारी, रस्त्याच्या कडेला बिऱ्हाड असलेली एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालता यावा म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते, आणि रक्कम लहान म्हणून बँक तिचं खातं उघडायला तयार नव्हती. मग बायकांनी आपलीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, सही शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला लिहिता-वाचता आलं नाही कारण शाळा नव्हती. पण मुद्दल आणि दर सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, असं त्यांनी साहेबांपुढे मांडलं. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २०१२-१३च्या दुष्काळात माणदेशीनंच म्हसवडला जनावरांची छावणी चालवली, तेव्हा अनेक घरांना गाव सोडावं लागलं नाही.

‘व्याज तोंडी काढतो’ हे ऐकून लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. रुपयाला महिना आणा या दरानं ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सावकाराशी व्यवहार केला, मनीऑर्डरीच्या प्रत्येक रुपयाचे चार भाग ज्यांनी मनातल्या मनात पाडले, त्या घरांमध्ये हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. त्याला वही आणि खातं मिळायला १९९७ उजाडलं, एवढंच.

बंदराच्या इतिहासात जहाजांची संख्या मिळते, मालाचे टन मिळतात, धक्क्यांची लांबी मिळते. शिरास यांच्या अहवालात मुंबईच्या खोलीतला जमाखर्चही मिळतो. मिळत नाही तो गावच्या चुलीचा. तो आपल्या घरांत आहे. जुन्या मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक लहानसा तुकडा असे. पाठवणारा त्यावर दोन ओळी लिही आणि पैसे दिल्यावर पोस्टमन तो घरी ठेवून जाई. तो कागदी फॉर्म इतिहासजमा झाला आहे. पण असे तुकडे, गाळ्याच्या भाड्याच्या पावत्या, माथाडी मंडळाची कार्डं अजून कुणाकुणाच्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत टाकू नका. घरात ऐंशी-नव्वदीच्या आजी असतील, तर त्यांना विचारून घ्या : किती दिवसांनी पैसे येत, त्यातून आधी कुणाचं देणं भागवायच्या आणि स्वतःसाठी काय उरे. त्या जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा.